परदुःखाची आणेवारी

पिकांची आणेवारी ठरविण्याचा मुंबई इलाख्यातील जुना शिरस्ता ज्यांनी जवळून पाहिला असेल, त्यांना त्या कामातील मौज आणि त्यातील अन्याय या दोहोंचीही कल्पना असेल. भरपूर आलेले पीक सोळा आण्यांचे धरून समोरच्या शिवारात किती आणे पीक उभे आहे हे कचेरीतून आलेला अंमलदार बांधावर उभा राहून नजरेने ठरवी, आणि त्या ठरविण्यावर साऱ्याची तहकुबी किंवा सूट अवलंबून असल्यामुळे, एकाच शेताकडे पाहून सरकारला जेथे आठ आणे दिसत तेथे कुळाला चारच दिसत. दोघांपैकी कोणी लबाड असे असे नाही. ज्याची त्याची नजर ज्याच्या त्याच्या गरजेने घडलेली असे, इतकेच. दुसऱ्याचे अंतःकरण जाणण्याची जी शक्ती माणसाला लाभली आहे, आणि जिला आपण अलीकडे समानुभूती म्हणू लागलो आहो, तिची मानसशास्त्रज्ञांनी गेल्या पाऊणशे वर्षांत जी मोजदाद केली, व ती तरुणांत किती, प्रौढांत किती आणि वृद्धांत किती याचे जे तक्ते मांडले, त्यांचा इतिहास वाचताना मला या आणेवारीचे स्मरण वारंवार होते.

गंमत अशी की हा शब्द जन्माला आला तेव्हा त्याचा माणसांच्या सुखदुःखाशी फारसा संबंध नव्हता. रोबेर्ट फिशर या जर्मन अभ्यासकाने १८७३ साली आपल्या प्रबंधात 'आइनफ्यूलुंग' हा शब्द योजिला तो दगडी स्तंभ, कमान, डोंगराची चढती रेषा अशा आकृतींना उद्देशून; पाहणारा आपले चैतन्य त्या जड आकृतीत ओततो आणि मग ती आकृतीच आपल्याला उत्तुंग किंवा खिन्न वाटू लागते, असा त्याचा आशय होता. म्युनिकच्या थिओडोर लिप्स यांनी ती कल्पना दगडावरून माणसावर आणली, आणि दोरावरून चालणाऱ्या डोंबाऱ्याकडे पाहताना प्रेक्षक मनाने त्याच्या देहात शिरलेला असतो, हा त्यांचा दृष्टान्त विद्वानांत फार गाजला. अभिनवगुप्ताची सहृदयाविषयीची मीमांसा ज्यांच्या परिचयाची आहे अशा आपल्याकडील वाचकाला यात फारसे अपूर्व काही वाटणार नाही. परंतु आपल्या आलंकारिकांनी सहृदयाचे वर्णन केले, त्याला गुण देण्याच्या भरीस मात्र ते पडले नाहीत.

मोजण्याची पहिली चाहूल लागते ती दोन ब्रिटिश स्त्रियांच्या उद्योगात. व्हर्नन ली या पुरुषी नावाने लिहिणाऱ्या व्हायोलेट पॅजेट आणि त्यांची मैत्रीण क्लेमेंटिना अँस्ट्रथर-टॉमसन या दोघींनी १८९७ साली सौंदर्य आणि कुरूपता यांवर एक दीर्घ लेख प्रसिद्ध केला. त्यासाठी टॉमसनबाई एखाद्या खुर्चीसमोर, एखाद्या मातीच्या कुंभासमोर, एखाद्या इमारतीच्या दर्शनी भागासमोर उभ्या राहून आपला श्वास कोठे खोल गेला, छाती कोठे रुंदावली, देहाचा तोल कोणत्या पायावर गेला याची बारकाईने नोंद करीत. कुंभाकडे पाहून श्वासाची नोंद ठेवणारी ही बाई त्या काळी अनेकांना विक्षिप्त वाटली असल्यास नवल नाही. पुढे १९०९ साली एडवर्ड टिचनर यांनी त्या जर्मन शब्दासाठी ग्रीक धातूंवरून 'एम्पथी' हा इंग्रजी शब्द घडविला. हे टिचनर जन्माने इंग्रज, शिक्षणाने लाइपझिगच्या वुंटचे शिष्य, आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात ऑक्सफर्डचा झगा अंगावर चढवून व्याख्याने देणारे मोठे करारी गृहस्थ होते.

नाव मिळाले, पण मापाची काठी हाती येण्यास आणखी चाळीस वर्षे जावी लागली, आणि योगायोग असा की ती काठीही कॉर्नेलशीच जोडलेल्या एका तरुण संशोधिकेने तासली. रोझालिंड डायमंड यांनी १९४९ साली मांडलेली पद्धत दिसण्यात अगदी सरळ होती. थोड्या काळाच्या ओळखीची काही माणसे एकत्र घ्यावयाची आणि आत्मविश्वास, स्वार्थीपणा, मनमिळाऊपणा, विनोदबुद्धी अशा सहा गुणांवर प्रत्येकाने प्रथम स्वतःला गुण द्यावयाचे, मग समोरच्याला द्यावयाचे, मग समोरचा स्वतःला किती देईल हे तर्काने लिहावयाचे, आणि शेवटी तो आपल्याला किती देईल हेही लिहावयाचे. दोन्ही बाजूंच्या फर्दा शेजारी शेजारी ठेवून रुजवात घातली की ज्याचा तर्क वस्तुस्थितीच्या जितका जवळ तितकी त्याची समानुभूती अधिक. याच सुमारास विलार्ड केर यांनी कारखान्यांच्या उपयोगासाठी एक निराळी परीक्षा सिद्ध केली होती, तीत कामगारांना कोणत्या प्रकारचे संगीत अधिक आवडते, कोणती मासिके अधिक खपतात आणि लोकांना कोणत्या गोष्टींचा अधिक त्रास होतो यांचे अनुक्रम लावावे लागत. मासिकांचा खप ज्याला तोंडपाठ तो मोठा परचित्तज्ञ, असे मानण्यापर्यंत ही मजल गेली होती. त्या हिशेबाने पाहिले तर गावातील वर्तमानपत्रविक्याला ऋषिपद द्यावयास काही हरकत नव्हती.

डायमंडबाईंच्या रुजवातीवर आघात झाला तो १९५५ साली, आणि तो करणारे ली क्रॉनबॅक हे मोजमापाच्या शास्त्रात अत्यंत काटेकोर म्हणून ख्याती पावलेले गृहस्थ होते. आपल्याकडे 'आपल्यावरून जग ओळखावे' ही म्हण उपदेशासारखी वापरली जाते. क्रॉनबॅक यांनी गणिताने दाखविले ते असे की, जो माणूस केवळ या म्हणीप्रमाणे वागतो, म्हणजे समोरच्याकडे ढुंकूनही न पाहता आपलेच उत्तर त्याच्या नावावर मांडतो, तो जर योगायोगाने समोरच्यासारखाच असेल तर त्याला भरघोस गुण मिळतात. शिवाय 'माणसे साधारणतः अशी असतात' एवढे ठोकळ ज्ञान असलेल्यालाही मिळतात, आणि जो कोणालाच फार वर किंवा फार खाली न नेता मधल्या रकान्यात राहतो त्यालाही मिळतात. या सर्वांची बेरीज होऊन जो एक आकडा कागदावर उतरतो त्यात खरे परचित्तज्ञान किती आणि भेसळ किती हे त्या आकड्यावरून सांगता येणे अशक्य. ही टीका इतकी निरुत्तर करणारी होती की त्या क्षेत्रात काही वर्षे जवळजवळ सामसूम झाली. वयाच्या प्रश्नाशी तिचा संबंध वरवर दिसत नाही, पण तो फार जवळचा आहे. कारण विशीतील मुलामुलींच्या मेळाव्यात विशीतील परीक्षार्थी बसविला तर तो समोरच्यासारखाच असणार आणि तेथे सत्तरीतील बसविला तर नसणार, मग गुणांतील तफावत समानुभूतीची मानावी की नुसत्या सारखेपणाची, हा प्रश्न त्या क्षणापासून दप्तरी दाखल झाला आणि आजतागायत निकालात निघालेला नाही.

रुजवात बदनाम झाली म्हणून मग जबानी आली. माणसालाच विचारावे, तो सांगेल ते लिहून घ्यावे, हा मार्ग निर्वेध वाटला. १९६९ साली रॉबर्ट होगन यांनी जुन्या व्यक्तिमत्त्वचाचण्यांतून चौसष्ट विधाने निवडून एक श्रेणी बनविली. १९७२ साली मेहराबियन आणि एप्स्टाइन यांनी भावनेच्या संसर्गावर भर देणारी तेहतीस विधानांची दुसरी केली. परंतु या सर्वांना मागे टाकून आज जगभर चालते ती १९८० साली मार्क डेव्हिस यांनी तयार केलेली अठ्ठावीस विधानांची प्रश्नावली. डेव्हिस यांचे शहाणपण असे की त्यांनी एका बेरजेचा हट्ट सोडला आणि चार खाती स्वतंत्र ठेविली: दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून पाहण्याची सवय, कथाकादंबऱ्यांतील पात्रांशी होणारे तादात्म्य, परदुःखाने येणारा कळवळा, आणि परदुःख पाहून स्वतःचीच होणारी घालमेल. प्रत्येक खात्यात सात विधाने, आणि प्रत्येक विधानापुढे 'हे वर्णन मला मुळीच लागू नाही' येथपासून 'अगदी लागू आहे' येथपर्यंत पाच पायऱ्या. यातील चौथे खाते वेगळे काढणे ही मला स्वतःला फार मोलाची गोष्ट वाटते, कारण अपघात पाहून ज्याला घेरी येते तो माणूस जखमीच्या उपयोगी पडतोच असे नाही, हे आपल्यापैकी पुष्कळांनी रस्त्यावर पाहिलेले आहे. मात्र ही प्रश्नावली घडली ती टेक्सास विद्यापीठात, आणि तिची पारख झाली ती तेथील विद्यार्थ्यांवर. विशीतल्या पोरांच्या मापाने बेतलेला हा अंगरखा पुढे पन्नाशीच्या आणि ऐंशीच्या माणसांना चढविण्यात आला, आणि तो कोठे तंग बसला व कोठे ढगळ झाला यावरून त्यांच्या देहयष्टीविषयी अनुमाने निघू लागली.

माझ्या एका अनुभवाने ही गोष्ट मला प्रत्यक्ष दिसली. साताऱ्यास राहणारी माझी थोरली आत्या, त्या वेळी वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, मराठी चौथी उत्तीर्ण. तिच्यापुढे मी या तऱ्हेच्या प्रश्नावलीचा माझ्यापुरता केलेला मराठी तर्जुमा घेऊन बसलो. कादंबरीतील पात्रात गुंतून जाण्याविषयीचे विधान वाचताच ती म्हणाली, "कादंबऱ्या वाचायला वेळ कुणाला होता रे? पाच मुलं आणि दोन म्हशी." मी शिरस्त्याप्रमाणे 'मुळीच लागू नाही' या वर्तुळावर खूण केली. हीच आत्या राममंदिरात हरिश्चंद्राचे आख्यान लागले की तारामतीच्या हातून पोर सुटण्याच्या आधीपासूनच डोळ्यांना पदर लावून बसते, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. पण आख्यानाचा रकाना त्या कागदावर नव्हता. पुढे कळवळ्याविषयीचे विधान आले तेव्हा तिने चष्मा वर करून विचारले, "हे मला लागू आहे की नाही ते शेजारीण सांगेल. मी माझ्या तोंडानं कसं सांगू?" जबानीच्या पद्धतीवर याहून नेमका आक्षेप मी कोणत्याही विद्वत्पत्रिकेत वाचलेला नाही.

शेजारणीला विचारण्याचा, किंबहुना शेजारणीच्याही पलीकडे जाऊन प्रत्यक्ष घडताना पाहण्याचा उद्योग टेक्सासातच, आर्लिंग्टन येथील विद्यापीठात, विल्यम इकिस यांनी केला आणि १९९० साली प्रसिद्ध केला. त्यांची युक्ती नाटककाराला शोभेल अशी होती. परस्परांना अनोळखी असा एक तरुण आणि एक तरुणी यांना एका खोलीत कोचावर बसविण्यात येई. प्रयोग घेणारा चित्रयंत्र सुरू करावयास जाई तो त्यातील दिवा गेलेला निघे, आणि नवा दिवा आणतो असे सांगून तो बाहेर पडे. दिवा गेलेला असे तो मुद्दामच. मागे राहिलेली ती दोघे पाचसहा मिनिटे जे काही बोलत, किंवा न बोलता जे काही अवघडत, ते लपविलेल्या कॅमेऱ्यात उतरत राही. नंतर हे सर्व त्यांना उघड करून सांगत, त्यांची संमती घेत, आणि वेगवेगळ्या खोल्यांत बसवून ती फीत दाखवीत. जेथे जेथे 'येथे माझ्या मनात अमुक आले होते' असे स्मरेल तेथे फीत थांबवून ते लिहावयाचे. आणि मग दुसऱ्या फेरीत, जोडीदाराने जेथे जेथे फीत थांबविली होती नेमक्या तेथे थांबून, त्याच्या मनात त्या क्षणी काय आले असेल ते ओळखावयाचे. दोन्ही कागद जुळवून त्रयस्थ परीक्षक प्रत्येक उत्तराला शून्य, एक किंवा दोन गुण देत. जुळले तर किती जुळावे? अनोळखी माणसांचे सरासरी वीस टक्के. मित्रांचे आणि नवराबायकोचे तीसपस्तीस टक्क्यांच्या आसपास. जन्माचे सोबती म्हणविणाऱ्यांनाही समोरच्याच्या मनाचा निम्माअधिक भाग परमुलुखच राहतो, हे वाचून मला प्रथम धक्का बसला, आणि नंतर बराच वेळ एक प्रकारचे समाधान वाटत राहिले.

आता वयाचा मुख्य वाद. एकाच दिवशी विशीतील, पन्नाशीतील आणि ऐंशीतील माणसांची मोजणी केली आणि तीत वृद्ध कमी भरले, तर ते वयाने कमी झाले की त्यांची पिढीच मुळात तशी घडलेली होती, हे त्या एका मोजणीतून कळत नाही. वॉर्नर शाय यांनी १९५६ पासून सिअॅटल येथे बुद्धीच्या वाढउतारासंबंधी जी दीर्घकालीन पाहणी चालविली, आणि १९६५ साली वय, पिढी व मोजणीचा काळ यांची जी फोड केली, तिचे मर्म हेच होते. खानेसुमारीच्या एका सालावरून गावाचा इतिहास लिहू नये, इतकी ती साधी गोष्ट आहे. समानुभूतीच्या बाबतीत ती पुरतेपणी ध्यानात यावयास मात्र २००८ साल उजाडले. डॅनिएल ग्र्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच त्या माणसांना १९९२ पासून २००४ पर्यंत बारा वर्षे पुनःपुन्हा गाठले. वेगवेगळ्या वयांची माणसे शेजारी शेजारी ठेवून पाहिली तेव्हा वृद्ध कमी भरले. पण एकेका माणसाचा त्या बारा वर्षांचा खातेउतारा काढला तेव्हा वयाबरोबर होणारी घट दिसेना. याचा अर्थ असा की तफावत होती ती पिढ्यांची, आणि ती बिचाऱ्या वार्धक्याच्या नावे खर्ची पडत होती.

तरीही मोजणाऱ्यांची हौस फिटली नाही. २०११ साली सारा कॉनरॅथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ ते २००९ या तीस वर्षांत डेव्हिस यांची प्रश्नावली भरलेल्या तेरा हजार सातशे सदतीस अमेरिकन विद्यार्थ्यांच्या फर्दा एकत्र केल्या आणि तरुणांचा कळवळा, विशेषतः २००० नंतर, उतरला असल्याचे दाखविले. वर्तमानपत्रांनी अर्थातच 'आजची पिढी निष्ठुर' अशी दवंडी पिटली. पुढे २०१८ पर्यंतचे आकडे जोडल्यावर २००८ नंतर आलेख पुन्हा चढू लागल्याचे त्याच संशोधिकेला आढळले. त्या बातमीसाठी मात्र दवंडीवाला मिळाला नाही. मध्यंतरी २०१३ साली एड ओब्रायन, कॉनरॅथ प्रभृतींनी अठरा ते नव्वद वयाच्या पंचाहत्तर हजार दोनशे त्रेसष्ट अमेरिकन प्रौढांची जबानी तपासली, तेव्हा आकृती निघाली ती कमानीसारखी: दोन टोकांना तरुण आणि वृद्ध, व मधोमध उंचावर पन्नाशीच्या आसपासची माणसे, त्यातही स्त्रिया पुरुषांच्या वर. कमान देखणी आहे. पण तिच्या माथ्यावर बसलेली ही मंडळी नागरी हक्कांचा लढा आणि व्हिएतनाम युद्धाविरुद्धची आंदोलने यांच्या छायेत वाढलेली, त्यामुळे माथा वयाचा की त्या दिवसांचा, हा शाय यांचा जुना प्रश्न तेथेही दारात उभा राहतो.

जबानी सोडून परीक्षेकडे वळले तर वृद्धांची बाजू प्रथम फारच लंगडी दिसते. केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन यांची २००१ सालची सुधारलेली नेत्रपरीक्षा पुष्कळांनी पाहिली असेल. मासिकांतून कापलेल्या कृष्णधवल डोळ्यांच्या छत्तीस पट्ट्या, आणि प्रत्येकीभोवती चार शब्द, त्यांतून त्या नजरेतील भाव नेमका निवडावयाचा. चेहऱ्यावरील भाव ओळखण्याच्या अशा अनेक परीक्षांचे निष्कर्ष न्यूझीलंडमधील टेड रफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली एकत्र केले, तेव्हा राग, भीती आणि दुःख ओळखण्यात वृद्ध मागे पडतात असे दिसले; किळस ओळखण्यात मात्र ते मागे नव्हते. परंतु चित्रातील त्या निश्चल, नातेगोते नसलेल्या डोळ्यांशी ऐंशी वर्षांच्या माणसाला काय देणेघेणे आहे, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याला उर्मट म्हणता येणार नाही. डेव्हिड रिश्टर आणि उटे कुन्समन यांनी २०११ साली हाच प्रश्न प्रयोगात घातला. त्यांनी जिवंत माणसे आपले अनुभव सांगतात अशा फिती दाखविल्या आणि विषय दोन तऱ्हेचे ठेविले, एक तरुणांना जवळचा, दुसरा वृद्धांना जवळचा. विषय परका असला की वृद्धांचे ओळखणे कमी पडे. तो त्यांच्या आयुष्यातला असला की तो कमीपणा ओसरे. आणि कळवळ्याच्या बाबतीत तर ते तरुणांच्या पुढेच होते.

राहिला पंचनामा, म्हणजे देहाची साक्ष. बर्कली येथील रॉबर्ट लेव्हन्सन आणि अॅना रूफ यांनी १९९२ साली काही जणांना अनोळखी जोडप्यांची संभाषणे दाखविली, आणि क्षणाक्षणाला त्यातील एकाचे मन कसे असेल ते हातातील चकती फिरवून नोंदवावयास सांगितले. पाहणाऱ्याची नाडी आणि त्वचेवरील घाम जेव्हा पडद्यावरील माणसाच्या देहाशी जुळत असे, तेव्हा त्याच्या अप्रिय भावना पाहणाऱ्याला अधिक अचूक कळत असत. टॉमसनबाईंनी कुंभासमोर उभे राहून श्वासाची जी नोंद ठेविली होती तिचाच हा तारा जोडलेला वंशज, फक्त या वेळी कोणी हसले नाही. त्याच प्रयोगशाळेतून जोसेलिन झे आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली विशीतील, चाळिशीतील आणि साठीतील माणसांना परदुःखाच्या फिती दाखवून त्यांच्या देहाची व शब्दांची नोंद घेतली, आणि नंतर दान करण्याची संधी दिली. भावनेचा प्रतिसाद वयाबरोबर चढत गेलेला आढळला, आणि हात सैल सुटला तोही साठीवाल्यांचाच.

आत्याचा तो कागद अजून माझ्या कपाटात आहे. सत्तावीस विधानांपुढे कोठे ना कोठे खूण आहे. दुसऱ्याची अडचण पाहून वाईट वाटण्यासंबंधीच्या एका विधानापुढील पाचही वर्तुळे तेवढी कोरी आहेत. तेथे तिने मला थांबविले होते, आणि "दुसरा म्हणजे कोण, ते आधी सांग" असे विचारले होते. कोणीही, असे मी म्हणालो. "कोणीही असा कोणी नसतो," असे म्हणून ती दळण आणावयास उठली, आणि समासात पेन्सिलीने मी तिचे उत्तर लिहून ठेविले: कोण आहे त्यावर. गुण मांडण्याच्या तक्त्यात या उत्तरासाठी रकाना नाही.